चित्र बाहेर कसे येणार?

कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यात चित्रबिंदू अवघे १०,००० होते. एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत. ते पाहायचे तर वेगळे वाचनयंत्र आणि दूरचित्रवाणी संच हवा!

१९९४ साली आलेल्या ॲपलच्या क्विकटेक १०० मध्ये उत्तम प्रतीची ८ चित्रे मावत. मात्र चित्रे पाहायला पडदा नव्हता. ती केबलने संगणकात उतरवावी लागत. ॲपलच्याच १९९८ च्या आयमॅकवर ती केबल जोडायची सोयच उरली नाही. कॅमेरा धडधाकट, वाट मात्र बंद!

म्हणून शाळेसाठी कॅमेरा निवडताना चित्रबिंदू मोजण्याआधी विद्यार्थ्यांना विचारायला लावावे : यातली चित्रे बाहेर कशी येणार? आणि दहा वर्षांनीही येतील का?