स्पॅनिशमधील सब्जंक्टिव्ह आणि मराठी क्रियापदाचे ‘अर्थ’ : व्याकरणविचाराच्या इतिहासाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :
स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी भाषकास ‘सब्जंक्टिव्ह’ ही क्रियापदरूपे विशेष अवघड वाटतात. ती बहुधा इंग्रजीच्या आधारे समजावून घेतली जातात; परंतु इंग्रजीत त्यांची स्वतंत्र रूपे जवळजवळ लोप पावली आहेत. याउलट मराठीत विध्यर्थ व संकेतार्थ आजही नित्य वापरात आहेत. या मराठी संज्ञा स्पॅनिशच्या आकलनास कोठवर साहाय्यभूत ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
आन्तोनियो दे नेब्रिहा यांचे कास्तिलियन (स्पॅनिश) भाषेचे व्याकरण १४९२ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅटिन परंपरेस अनुसरून त्यांनी क्रियापदाचे पाच प्रकार मानले. रूपे बहुतांशी समान असूनही इच्छादर्शक प्रकार सब्जंक्टिव्हहून वेगळा गणला. लॅटिन व्याकरणाची हीच चौकट पुढे मिशनऱ्यांबरोबर कोकण किनाऱ्यावर आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे पोर्तुगीजमधून लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० मध्ये, गोव्यातील राशोल येथे छापले गेले.

या चौकटीची चिकित्सा दोन्हीकडे पुढे झाली. आन्द्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये चिलीत प्रसिद्ध केलेल्या स्पॅनिश व्याकरणात वाक्यातील अधीनता ही या प्रकारांची कसोटी मानली : क्रियापद कोणत्या शब्दाच्या अधीन येते, यावरून त्याचे रूप ठरते. मराठीत ‘अर्थ’ ही संज्ञा रूढ झाली. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ ही विभागणी आज सर्वपरिचित आहे. पूर्वसूरींच्या मतांची साक्षेपी छाननी करणारा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते मोरो केशव दामले हे रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे बंधू होत.

साम्य आणि भेद :
‘क्येरो के बेंगास’ या स्पॅनिश वाक्याचा आशय ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ असा होतो. दोन्हीकडे इच्छेच्या अधीन असलेले क्रियापद स्वार्थ सोडते. ‘पैसे असते तर घर घेतले असते’ यातील संकेतार्थाप्रमाणेच न घडलेल्या गोष्टीची अट स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव्हच्या भूतकालीन रूपाने सांगितली जाते. मात्र मराठीत अट व फल या दोन्ही ठिकाणी संकेतार्थ येतो. स्पॅनिशमध्ये फलासाठी बहुधा वेगळे रूप योजतात.

तथापि हे साम्य मर्यादित आहे. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ येथे मराठीत भविष्यकाळ पुरतो. स्पॅनिशमध्ये ‘क्वांदो बेंगा’ असा सब्जंक्टिव्हच हवा. ‘तू येथे आहेस याचा आनंद वाटतो’ यात आगमन निश्चित असूनही स्पॅनिशमध्ये ‘एस्तेस’ हे सब्जंक्टिव्ह रूप येते, कारण ते क्रियापद आनंदाच्या अभिव्यक्तीस जोडलेले आहे. म्हणून ‘सब्जंक्टिव्ह म्हणजे अनिश्चितता’ हे सूत्र अपुरे ठरते. उलटपक्षी, ‘मुलांनी वडिलांचा मान राखावा’ हा कर्तव्यदर्शक विध्यर्थ मुख्य वाक्यात स्वतंत्रपणे येतो. स्पॅनिशमध्ये तेथे कर्तव्यवाचक क्रियापद योजणे स्वाभाविक होय.

समारोप :
मराठी संज्ञा आशयाकडे निर्देश करते, तर ‘सब्जंक्टिव्ह’ ही मूळ लॅटिन संज्ञा ‘अधीन जोडलेले’ असा रचनेचा बोध करून देते. मराठी विद्यार्थ्यास पहिली दृष्टी मातृभाषेतून मिळालेलीच असते. दुसरी त्याला शिकवावी लागते. अध्यापकाने प्रारंभ विध्यर्थ-संकेतार्थापासून करावा, आणि जेथे हे साम्य संपते ती स्थळे आवर्जून दाखवावीत. नेब्रिहांपुढे लॅटिनचा साचा होता, आपल्यापुढे इंग्रजीचा आहे. परभाषेचे व्याकरण तिसऱ्या भाषेच्या साच्यातूनच पाहिले, तर स्वतःच्या भाषेतील सामर्थ्य नजरेआड होते, हा या इतिहासाचा बोध आहे.