रमाबाईंनी अमेरिकेत काय पाहिलं?

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला शारदा सदन आठवतं, केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. विधवांना, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना आसरा देणाऱ्या बाई, ही त्यांची ओळख आपल्याला शाळेपासून आहे. पण रमाबाई मोठ्या लेखिकाही होत्या. आज आम्ही त्यांच्या एका प्रवासवर्णनाबद्दल बोलणार आहोत. पुस्तकाचं नाव आहे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. १८८९ साली ते मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापलं गेलं. म्हणजे आपल्या आजीच्या आजीच्या काळात एका मराठी बाईने अमेरिका पाहिली आणि ती मराठीत लिहून ठेवली.

प्रवास रमाबाईंच्या पायाला लहानपणापासूनच होता. १८५८ साली त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईने रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर पायी फिरलं. दुष्काळात आईवडील गेले, मग बहीणभाऊ चालत राहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२ साली नवरा वारला. चोविसाव्या वर्षाच्या आत विधवा, पदरात लहान मूल.

अशी बाई त्या काळी काय करी? रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीचा पैसा विलायतेच्या प्रवासाला लावला. मैत्रिणींनो, आपल्या लेखणीच्या कमाईवर समुद्र ओलांडणारी ही बाई! इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून इकडे फार गदारोळ झाला.

अमेरिकेला जायचं कारण होतं डॉ. आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात आनंदीबाईंना पदवी मिळाली. तो सोहळा बघायला रमाबाई गेल्या आणि पावणेतीन वर्षं तिकडेच राहिल्या. गावोगाव भाषणं दिली, बालवाडीचं शिक्षण कसं देतात ते शिकून घेतलं. १८८७ मध्ये त्यांनी ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक काढलं. ते त्यांनी आपल्या आईला अर्पण केलं आहे. त्याच्या विक्रीतून आणि बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीतून शारदा सदन उभं राहिलं.

आता गंमत बघा. इंग्रजी पुस्तकात त्यांनी अमेरिकेच्या लोकांना आपल्या बायकांचे हाल सांगितले. आणि घरी आल्यावर मराठी पुस्तकात आपल्या लोकांना अमेरिकेतल्या बायकांची हकीकत सांगितली. दोन्हीकडचं दोघांना समजावं, म्हणून एकाच बाईने दोन भाषांत दोन पुस्तकं लिहिली.

मराठी पुस्तकात बोटीचा प्रवास आहे, तिथला राज्यकारभार, घरं, शाळा, धर्मादाय संस्था आहेत. स्त्रियांच्या स्थितीवर एक मोठं प्रकरण आहे. आज जी बाई शिकलेली, कमावती दिसते ती अशी आपोआप झाली नाही, हे त्यात कळतं. तिथेही बायकांना कॉलेजची दारं बंद होती. तिथेही डॉक्टर होऊ पाहणाऱ्या बाईला लोक हसले. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना १८४९ साली पदवी मिळाली, त्या तिथल्या पहिल्या. आनंदीबाई शिकल्या ते कॉलेज त्यानंतर वर्षभराने निघालं. एकीने वाट पाडली आणि मागून दुसऱ्या चालल्या.

रमाबाईंचं मन सगळ्यात जास्त गुंतलं ते बायकांच्या संघटनेत. ओहायो राज्यात १८७३-७४ च्या हिवाळ्यात बायका दारूच्या गुत्त्यांसमोर जाऊन बसल्या, प्रार्थना केली, दुकानं बंद करा म्हणाल्या. त्यातून दारूबंदीसाठी स्त्रियांची मोठी संघटना झाली. फ्रान्सेस विलर्ड या तिच्या पुढारी. गावची शाखा, तिच्यावर जिल्ह्याची, मग राज्याची, मग देशाची. स्वतःचं वर्तमानपत्र, स्वतःच्या वर्गण्या, स्वतःच्या बैठका. आमचा गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ ही रचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वाचताना परकं वाटत नाही. आणि गावातली बाटली आडवी करायला ज्या बायका मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांना तर मुळीच नाही.

पण रमाबाई भुलून गेल्या नाहीत. काळ्या लोकांना मिळणारी वागणूक त्यांनी लिहिली. तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन गोऱ्यांनी कशी घेतली तेही लिहिलं. बायकांचं घट्ट कसलेलं कमरेचं वस्त्र आणि टोपीवर पक्षी लावायची फॅशन यांवरही टीका केली. स्वतंत्र देश म्हणवणाऱ्या त्या देशात बायकांना मताचा हक्क तेव्हा थोड्याच ठिकाणी होता. देशभर तो मिळाला १९२० साली. त्यानंतर दोनच वर्षांनी रमाबाई केडगावात वारल्या.

हे पुस्तक घराघरांत का गेलं नाही? १८९३ साली शारदा सदनातल्या धर्मांतराच्या आरोपावरून मोठा वाद पेटला, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे रमाबाईंचं नाव निघालं की धर्माचीच चर्चा होई, त्यांचं लिखाण मागे पडलं. २००३ साली त्याची दोन इंग्रजी भाषांतरं निघाली, त्यातलं एक मीरा कोसंबी यांचं. म्हणजे जग वाचू लागलं. ज्यांच्यासाठी ते मराठीत लिहिलं, त्या आपण मात्र अजून फारशा वाचत नाही.

आम्ही गटांच्या बैठकांना फिरतो तेव्हा इतिवृत्ताची वही चाळतो. ‘चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर’ एवढंच त्यात असतं. कोण काय बोललं, कोणी विरोध केला, पहिलं कर्ज कोणत्या बाईने कशाला घेतलं आणि कसं फेडलं, याचा पत्ता लागत नाही. पंधरा वर्षांनी आपली सून ती वही उघडेल, तेव्हा तिला सह्या दिसतील, बायका दिसणार नाहीत. रमाबाईंनी परक्या देशातल्या बायकांचं इतक्या बारकाईने लिहून ठेवलं. आपण आपल्या गावातल्या बायकांचं लिहायला काय हरकत आहे?

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत एक काम करू या. वहीचं एक पान वेगळं ठेवा. आपला गट कोणी सुरू केला, तेव्हा घरचे काय म्हणाले, पहिली बचत किती रुपयांची होती, ते लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, शाळेत जाणाऱ्या मुलींनी उतरवून घ्यावं, आणि खाली दोघींची नावं घालावीत.