फवारा, विडी आणि पानाचा पुळका

‘विडी सोडायची म्हणून निकोटिन नाकात मारायचं? म्हणजे आगीतून फुफाट्यात!’ जबलपुरात हा आक्षेप घेणारे अडाणी नसतात. त्यांचा पूर्वपक्ष असा: निकोटिन हे विष. ते नाकावाटे रक्तात गेलं की हृदय दगावणार, कॅन्सर होणार, वर नवं व्यसन जडणार. विडी निदान झाडाच्या पानाची तरी असते.

आधी त्यांचं खरं ते मान्य करू. निकोटिनचा फवारा नाकाला झोंबतो. अमेरिकेत १९९६मध्ये मान्यता मिळालेल्या फवाऱ्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की पहिल्या दोन दिवसांत ९४ टक्के लोकांना नाकात जळजळ झाली आणि तीन आठवड्यांनंतरही ८१ टक्के लोकांची थोडीफार तक्रार होतीच. शिंका, डोळ्यांतून पाणी, खोकला, घशात खवखव हेही आलंच. काही चाचण्यांत तर निकोटिन नसलेल्या नकली फवाऱ्यातही मिरीतलं पायपरीन घालावं लागलं, नाहीतर झोंबण्यावरूनच खरा फवारा ओळखू आला असता. दम्याच्या किंवा जुनाट सर्दी-सायनसच्या रुग्णाला तो देऊ नये, हे डॉक्टर सांगतातच. गरोदरपणी किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. फवारा मारताना श्वास वर ओढायचा नसतो. सवयीने लोक तपकिरीसारखा ओढतात आणि मग जास्तच पोळतात.

पण झोंबणं वेगळं आणि दगावणं वेगळं. हृदयाची भीती मोठी झाली ती १९९२मध्ये. निकोटिनची पट्टी लावून वर सिगारेटही ओढणाऱ्या काहींना झटके आल्याच्या बातम्या तेव्हा अमेरिकेत छापून आल्या. पुढे १९९६मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या दहा इस्पितळांत, आधीच हृदयविकार असलेल्या ५८४ जणांवर पट्टीची चाचणी झाली. मृत्यू, झटका यांसारख्या गंभीर घटना पट्टीवाल्यांत ५.४ टक्के आणि नकली पट्टीवाल्यांत ७.९ टक्के निघाल्या. चाचणी पट्टीची होती, फवाऱ्याची नव्हे, हे खरं. पण निकोटिन आलं की हृदय गेलं, हे समीकरण इथेच मोडतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला प्राणवायू हिरावतो, तो फवाऱ्यात नसतो. कॅन्सर घडवणारी डांबरातली रसायनंही त्यात नसतात. प्रयोगशाळेत निकोटिनने पेशींवर केलेले काही उद्योग दिसले आहेत. पण निकोटिनचा च्युइंगगम वर्षानुवर्षं चघळणाऱ्यांच्या अमेरिका-कॅनडातल्या दीर्घ पाहणीत फुप्फुसाच्या कॅन्सरशी नातं दिसलं ते धूम्रपानाचं, गमचं नाही.

आणखी एक घोटाळा होतो. विडी सुटल्यावर छाती धडधडते, झोप उडते, आणि खापर फुटतं फवाऱ्यावर. धुरातल्या डांबरामुळे यकृत कॅफीन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तोच रोजचा चहा दुप्पट चढल्यासारखा होतो. दम्याच्या थिओफिलिनचंही तसंच, म्हणून विडी सोडताना त्याची मात्रा तपासून घ्यावी लागते. दोष निकोटिनचा नसतो. धूर थांबल्याचा तो परिणाम असतो.

व्यसनाचा मुद्दा मात्र बिनबुडाचा नाही, आणि फवाऱ्याचे समर्थक तो झटकून टाकतात तेव्हा मला त्यांचा राग येतो. एका मात्रेत दोन नाकपुड्यांत मिळून एक मिलिग्रॅम निकोटिन जातं. कमाल मर्यादा तासाला पाच मात्रा, दिवसाला चाळीस. रक्तातलं प्रमाण शिखरावर पोचायला चार ते पंधरा मिनिटं लागतात. पट्टी-गमपेक्षा हे जलद आहे, म्हणून सवय लागण्याचा धोकाही त्यांच्यापेक्षा जास्त, आणि तीन महिन्यांनंतरही काही जण फवारा सोडत नाहीत. पण विडीचा झुरका काही सेकंदांत मेंदूत पोचतो. लंडनमध्ये १९९२ साली २२७ जणांवर झालेल्या चाचणीत वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेले फवाऱ्याच्या गटात २६ टक्के होते, नकली फवाऱ्याच्या गटात १०. चारांतल्या तिघांना साधलं नाही, हेही त्याच आकड्यात वाचावं.

राहिला पानाचा पुळका. तो जबलपूरला असणं स्वाभाविक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, गुजरातेतल्या छप्पन्नच्या (विक्रम संवत १९५६) दुष्काळानंतर इकडे आलेल्या मोहनलाल आणि हरगोविंददास पटेलांनी तेंदूपत्त्याची विडी इथूनच देशभर नेली. गोंदिया-भंडाऱ्यालाही याच धंद्याने पोसलं. पण तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं, विडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते, आणि आत तंबाखू कमी असूनही तिच्या धुरात निकोटिन, डांबर नि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतात, उलट अनेकदा जास्तच निघतात.

आपल्याकडे औषधाच्या दुकानांत फवारा क्वचितच दिसतो. दोन मिलिग्रॅमचा गम मात्र चिठ्ठीविना मिळतो आणि २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिन उपचाराला जागा मिळाली आहे. शिवाय २०१८पासून विडीच्या बंडलावरही १८००-११-२३५६ हा व्यसन सोडवण्यासाठीचा मोफत क्रमांक छापावा लागतो.