उजेडावरचा कर

आजची गोष्ट काचेची आहे, म्हणजे खरं तर उजेडाची. खिडकीतून ऊन घरात आलं तर त्याचं बिल आपल्याला कुणी पाठवत नाही. इंग्लंडमध्ये मात्र तब्बल दीडशे वर्षं असं बिल यायचं!

१६९६ साली राजा तिसऱ्या विल्यमच्या काळात तिथे खिडक्यांवर कर बसला. हिशेब सोपा होता. मोठं घर म्हणजे जास्त खिडक्या, म्हणून श्रीमंताला जास्त कर. शिवाय खिडक्या रस्त्यावर उभं राहून मोजता येतात, कुणाला कमाई विचारायला नको. मग लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या.

खरा फटका बसला गरिबांना. शहरांत एकेका इमारतीत कितीतरी कुटुंबं दाटीवाटीने राहायची. कर भरायचा मालकाने, त्यामुळे खिडक्या बुजवायचा तोच. पैसे वाचायचे मालकाचे आणि अंधार यायचा भाडेकरूंच्या वाट्याला. हवा नाही, उजेड नाही, यातून रोगराई वाढते, असं डॉक्टरही सांगत राहिले.

त्यात काचेवर वेगळा कर होता, तोही वजनावर! तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त होत गेली. परिणाम सहाच वर्षांत दिसला.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काचेचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला. हा माणूस मूळचा माळी, झाडांसाठी काचघरं बांधण्यात तरबेज. पॅलेसची लांबी १,८४८ फूट, काचा जवळपास तीन लाख! बागेतली जुनी एल्मची झाडंसुद्धा न तोडता आत घेतली. ऊन इतकं यायचं की छतावर कापड घालावं लागलं.

सुरुवातीला तिकीट महाग होतं. २६ मेपासून मात्र सोमवार ते गुरुवार एका शिलिंगात प्रवेश मिळू लागला आणि कामगारांची रीघ लागली. पाच-साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर लोक येऊन गेले. यातल्या कित्येकांच्या घरी धड एक खिडकीही नसेल, असं मला राहून राहून वाटतं.

आणि गंमत बघा, प्रदर्शन चालू असतानाच, जुलैमध्ये खिडक्यांवरचा कर रद्द झाला. त्याच्या जागी घरपट्टी आली, ती गोष्ट वेगळी!

मला यातून एक कळतं. त्या खोल्यांमध्ये अंधार होता, तो काही काच बनवता येत नव्हती म्हणून नाही. उजेडाची किंमत कुणीतरी ठरवली होती आणि ती दुसराच कुणीतरी मोजत होता.

आज तसा कर नाही, पण उजेडाची खोली अजूनही महागच मिळते ना? भाड्याने घर बघताना आपण विचारतो, पाणी किती वेळ येतं. पुढच्या वेळी हेही विचारा, ऊन किती वेळ येतं?

भेटू पुढच्या भागात!