कण्हण्यानंतर काय घडतं?

1968 साली ‘बिहेविअर रिसर्च अँड थेरपी’ या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा एक निबंध छापून आला. त्यात 37 वर्षांच्या एका बाईंची हकिकत आहे. लग्नानंतर वर्षभरात त्यांच्या कंबरेत दुखणं शिरलं, ते पुढची अठरा वर्षं निघालं नाही. चार शस्त्रक्रिया होऊनही वीस मिनिटांच्या वर त्यांना सलग काही करता येत नसे. मग गोळी घ्यायची आणि आडवं व्हायचं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्या मानसशास्त्रज्ञाने त्यांच्यावर उपचार योजले, त्याने कंबरेकडे जवळजवळ पाहिलंच नाही. बाई कण्हल्या की आजूबाजूची माणसं काय करतात, हे त्याने पाहिलं.

खरं सांगायचं तर निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला. माझी आई गुडघ्यांनी बेजार होती आणि घरात पाऊल टाकताच ‘आता कसं वाटतंय?’ हा माझा पहिला प्रश्न असे. या गृहस्थांच्या मते तो प्रश्नसुद्धा दुखण्याचाच एक भाग होता.

विल्बर्ट फोर्डाइस (1923–2009) हे त्यांचं नाव. 1953 मध्ये त्याच विद्यापीठातून डॉक्टरेट आणि 1959 पासून तिथल्याच पुनर्वसन विभागात नोकरी. मानसशास्त्रज्ञाला त्या काळी रुग्णालयात मुख्यतः चाचण्या घेण्यासाठी ठेवत. दुखण्याचं कारण क्ष-किरणांत सापडलं नाही, की ‘हे मनाचं आहे का ते बघा’ म्हणून रुग्ण त्याच्याकडे पाठवायचा. फोर्डाइसना हा प्रश्नच चुकीचा वाटू लागला. वेदना खरी की खोटी, शरीराची की मनाची, हा वाद त्यांनी बाजूला ठेवला. वेदना कुणाला दिसत नाही. दिसतं ते लंगडणं, कण्हणं, गोळी मागणं, अंथरूण धरणं. ही वर्तनं आहेत, आणि स्किनरने दाखवल्याप्रमाणे वर्तन त्याच्या परिणामांवर पोसलं जातं. माणसाने ढोंग करण्याची त्यात गरज नसते. शिकणं नकळत होतं.

याच विद्यापीठात जॉन बोनिका होते. हे भूलतज्ज्ञ तरुणपणी मुखवटा घालून व्यावसायिक कुस्त्या खेळत. त्यांचं चरित्र हा वेगळ्या लेखाचा ऐवज आहे. अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून वेदनेचा रुग्ण पाहावा, हा त्यांचा आग्रह. त्या वातावरणात फोर्डाइसच्या कल्पनेला जागा मिळाली.

उपचाराची तऱ्हा ऐकायला साधी होती. ‘दुखलं की गोळी’ या पद्धतीत दुखण्याची तक्रार केल्यावरच आराम मिळतो. म्हणजे तक्रारीलाच बक्षीस. म्हणून औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखो वा न दुखो. ते चव लपवणाऱ्या सरबतात मिसळलेलं असे. सरबत तेवढंच राही, त्यातलं औषध मात्र हळूहळू कमी होत जाई. विश्रांतीचंही तसंच. दुखेपर्यंत चालून मग बसलं, तर बसणं हे दुखण्याचं फळ ठरतं. तेव्हा रुग्ण दुखेपर्यंत किती चालतो हे आधी मोजायचं, त्याहून थोडं कमी अंतर ठरवून द्यायचं, ते पुरं झालं की विश्रांती, आणि पुढे अंतर वाढवत न्यायचं. परिचारिकांनी तक्रारीवर तटस्थ राहायचं आणि चालण्याचं मात्र मनापासून कौतुक करायचं. नवऱ्याला वा बायकोलाही हे शिकवायचं. मला वाटतं, सगळ्यांत अवघड तेच असणार. चेहरा कोरा ठेवणं परिचारिकेला जमेल. पण अठरा वर्षं उशी नीट करणाऱ्या माणसाने हात आवरायचा कसा?

1973 साली त्यांच्या चमूने 36 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णांची हालचाल वाढली होती, औषधं घटली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. 1976 मध्ये ‘बिहेविअरल मेथड्स फॉर क्रॉनिक पेन अँड इलनेस’ हे पुस्तक आलं आणि अनेक वेदनाकेंद्रांनी ही पद्धत उचलली. रुग्णाच्या डोक्यातल्या विचारांना आणि भीतीला या मांडणीत फारशी जागा नाही, असं पुढच्या पिढीने म्हटलं. डेनिस टर्क आदींनी 1983 च्या ग्रंथात ती जागा करून दिली.

इथवरची कथा यशाची आहे. पण 1995 मध्ये फोर्डाइस यांच्या अध्यक्षतेखाली वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कृतिगटाने ‘बॅक पेन इन द वर्कप्लेस’ हा अहवाल काढला. निश्चित कारण न सापडलेल्या कंबरदुखीसाठी उपचार आणि वेतनभरपाई सहा आठवड्यांपुरती ठेवावी, पुढे तिला अपंगत्व न मानता हालचाल न सोसणं म्हणावं, अशी त्याची दिशा होती. वेदनातज्ज्ञांतच गदारोळ झाला. मी फोर्डाइसचा चाहता आहे, पण इथे मी टीकाकारांच्या बाजूने आहे. वॉर्डात तक्रारीकडे दुर्लक्ष करणारी परिचारिका त्याच रुग्णाबरोबर काही आठवडे रोज चालत असते. भरपाई थांबवणारा कारकून कुणाबरोबर चालत नाही. तत्त्व तेच, पण कौतुकाची बाजू गळून फक्त दुर्लक्ष उरलं.

योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत नेमकी उलट हाक उठली: नाडी आणि रक्तदाबाप्रमाणे वेदनाही दर भेटीत मोजा. पुढच्याच वर्षी ऑक्सिकॉन्टिन ही अफूजन्य गोळी बाजारात आली. शून्य ते दहामध्ये आकडा सांगायचा आणि आकडा मोठा असेल तर औषध घ्यायचं, ही पद्धत रुळली. दरम्यान विमा कंपन्यांना आठवड्यांचे कार्यक्रम परवडेनासे होऊन सिअ‍ॅटलच्या धर्तीची केंद्रं एकेक करून बंद पडत होती. वेदनेला ‘पाचवी जीवनखूण’ मानणं सोडावं, असा ठराव अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्ये केला. तोवर अफूजन्य औषधांनी तिथे लाखो बळी घेतले होते आणि फोर्डाइस यांना जाऊन सात वर्षं झाली होती.

आईला मी अखेरपर्यंत ‘कसं वाटतंय?’ विचारत राहिलो. फक्त तो प्रश्न दारातून हलवून, आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आल्यानंतर विचारू लागलो.