मोहाला कुलूप, अफूला मान

चैत्राची पहाट आहे, साल १८९३. डहीच्या बाहेर, नर्मदेच्या बाजूला उतरत जाणाऱ्या टेकाडांवर तुम्ही एका मोहाखाली उभे आहात. नीट फटफटलेलंही नाही, तरी झाडाखाली माणसांची चाहूल आहे. बुंध्याभोवतीचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली, त्यामुळे काळ्या राखेवर पडलेली पिवळट फुलं अंधारातही दिसतात. पडतायत अजून, एकेक करून. एक भिलाली बाई वाकून दोन्ही हातांनी वेचते आहे. मागे तिची पोर, तिची निम्मी वेचणी टोपलीत आणि निम्मी तोंडात. तुम्हीही एक फूल उचलून चाखा. आधी मधासारखं गोड लागतं, मग त्याचा उग्र वास घशात रेंगाळतो.

ऊन चढलं की ही फुलं अंगणात पसरली जातील, तपकिरी होईपर्यंत वाळतील आणि कणगीत जातील. पावसाळ्यात घरातला मका संपला की हीच उकडायची, भाजायची, पिठात मळून भाकरी थापायची. बियांचं तेल निघतं, ते स्वयंपाकाला आणि दिव्याला. दारू गाळतात तीही याच फुलांची. देवाला तिची धार सोडल्याशिवाय इथे ना लग्न लागतं ना मयताचे दिवस होतात. जेवण, औषध, नैवेद्य आणि नशा, सगळं त्या बाईच्या टोपलीत आहे. त्यातलं एक बाजूला काढून बाकीचं ठेवता येत नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

नर्मदा आणि पलीकडचं बडवानी संस्थान ओलांडलं की मुंबई इलाख्यातला खानदेश लागतो. त्या इलाख्याच्या सरकारने गेल्याच वर्षी, १८९२ मध्ये, खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुलं जवळ बाळगण्यावर, त्यांच्या व्यापारावर निर्बंध आले. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क ठेकेदारांच्या भट्ट्यांकडे गेला होता. वारली, कातकरी, ठाकूर मात्र घरीच गाळत राहिले आणि सरकारचा महसूल बुडत राहिला. हे अन्न आहे, गरिबाचं दुष्काळातलं पोट आहे, असा आक्षेप मसुद्यावर आधीपासून घेतला जात होता. दारूने हे लोक नासतात, असं उत्तर आलं. कायदा झाला. डही संस्थानी मुलखात आहे, म्हणून आज या बाईच्या कणगीला कुणी हात लावत नाही. तिच्यासारखीच ठाण्यातली बाई मात्र आता गुन्हेगार ठरू शकते.

हे मनात राहू द्या आणि नऊ-दहा महिने पुढे या.

कुक्षी आणि मनावर ही गावं मागे टाकून विंध्याचा घाट चढा. माथ्यावर हवा बदलते, जमीन काळीभोर होते. माळवा. धारचं राज्य आनंदराव पवारांचं, कचेरीत मराठी बोलणं, मराठी पागोटी. देवासला पवारांच्याच थोरल्या आणि धाकट्या अशा दोन गाद्या. विहिरींच्या आसपासची ओलिताची चांगली जमीन बघाल तिथे पोस्ताखाली, म्हणजे अफूच्या पिकाखाली. माघ महिना आहे. पांढरी, जांभळट फुलं गळून बोंडं धरली आहेत. दुपार कलली की शेतकरी तीन-चार पात्यांचं छोटं हत्यार घेऊन बोंडावर वरून खाली अलगद चिरा देतो. चीर जरा खोल गेली तर चीक आत झिरपून वाया. बरोब्बर बसली की दुधासारखे थेंब फुटतात, रात्रभरात तपकिरी होतात आणि सकाळी उन्हाच्या आत खरवडून घ्यायचे. माळव्यात हा चीक अळशीच्या तेलात ठेवतात, म्हणजे वाळत नाही. खळ्यावर उभं राहिलं तर तेलाचा आणि अफूचा मिळून एक जड, कडवट वास डोक्यात भिनतो. सारा याच पिकावर भरला जातो. पुढे सावकार, मग इंदूरसारख्या ठिकाणचे सरकारी काटे, पेटीमागे सहाशे रुपयांच्या आसपास कर, मग रेल्वेने मुंबई, आणि तिथून जहाजाने चीन.

शेताच्या बांधावर झोळीत एक मूल निजलंय. जरा जास्तच शांत निजलंय. त्याच्या आईने कामाला वाकण्याआधी बोटाच्या टोकावर मोहरीएवढी अफू चाटवली आहे. मुंबईच्या गिरण्यांतल्या, कोकणातून-घाटावरून आलेल्या बायाही हेच करतात. तिथे तिला बाळागोळी म्हणतात.

आता इंदूर. १८९४ ची सुरुवात. विलायतेहून अफूचं रॉयल कमिशन आलंय. धारच्या कचेरीतले एक कारकून तुमच्या शेजारी बसलेत. ते कानाशी येतात, "पाहुणे, ते मधले लॉर्ड ब्रासी, अध्यक्ष. ते सर विल्यम रॉबर्ट्स, मोठे डॉक्टर, मँचेस्टरचे. पचनावर पुस्तकं लिहिलीत त्यांनी. आणि ते आपले हरिदास विहारीदास, जुनागडचे दिवाण." कोपऱ्यात कमिशनचेच एक सदस्य, हेन्री विल्सन, भराभर टिपणं घेतायत. साक्षीदार एकामागून एक येतात: दरबारी कारभारी, जहागीरदार, सावकार, डॉक्टर. चाळिशीनंतर अफू अंगाला मानवते. हिवतापात उपयोगी पडते. खोकला, हगवण थांबवते. रजपुतांत कसुंबा, म्हणजे पाण्यात घोळलेली अफू, दिल्याशिवाय पाहुण्याचा मान राहत नाही. पीक बंद करायचं तर भरपाई कोण देणार? प्रश्न शांतपणे विचारले जातात, उत्तरं शांतपणे लिहून घेतली जातात. या सगळ्या फेरीत सातशेहून जास्त साक्षी झाल्या. झोळीतल्या मुलाच्या आईला तुम्ही साक्षीदारांत शोधता. दिसत नाही.

अफूचा हा वाद कमिशनपर्यंत कसा पोचला ते पाहायचं तर वेस्टमिन्स्टरला जा. एप्रिल १८९१ मध्ये सर जोसेफ पीज यांचा ठराव हाऊस ऑफ कॉमन्सने मंजूर केला: हिंदुस्थानच्या अफूचा महसूल नीतीला धरून नाही. सभागृह हादरलं, कारण यात तिजोरीचा प्रश्न होता. १८९३ मध्ये आल्फ्रेड वेब यांनी पुन्हा विषय काढला. ग्लॅडस्टन सरकारने तो कमिशनकडे वळवला आणि बंदी करावी की नाही यापेक्षा बंदी परवडेल का, हा प्रश्न पुढे ठेवला. वर्षभरापूर्वी निवडून आलेले दादाभाई नौरोजी त्याच सभागृहात होते. अफूच्या पैशाविरुद्ध ते कितीतरी आधीपासून लिहीत आले होते.

पण सभागृहातून बाहेर पडून इंग्लंडच्याच खेड्यांत फिरा. केंब्रिजशायरच्या दलदलीच्या प्रदेशात हिवतापावर पोस्ताच्या बोंडांचा काढा पिढ्यान् पिढ्या प्यायले आहेत. मँचेस्टर, नॉटिंगहॅमच्या गिरणीवाल्या बायकांनी गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं अफूमिश्रित सरबत पाजून तान्ही मुलं निजवली, कित्येक मुलं त्यातच गेली. म्हणून तर १८६८ चा फार्मसी कायदा आला आणि अफूची विक्री औषधविक्यांच्या हाती देऊन तिच्यावर विषाची चिठ्ठी लागली. स्वतःच्या मुलांबाबत त्या देशाला धोका बरोबर कळला होता. रॉबर्ट्स तर मँचेस्टरच्या इस्पितळातच काम केलेले डॉक्टर. तेच हिंदुस्थानात आल्यावर माफक अफू खाणं म्हणजे इंग्रजाच्या दारूसारखं, अशा निष्कर्षाला येतात, हे वाचताना माझा जीव कासावीस होतो.

१८९५ च्या एप्रिलमध्ये अहवाल निघाला. लोक माफक प्रमाणात अफू घेतात, ती त्यांच्या चालीरीतीत मुरलेली आहे, बंदीची मागणी नाही, महसूल सोडणं शक्य नाही. एकट्या विल्सननी वेगळं मत नोंदवलं आणि साक्षी कशा जमवल्या गेल्या यावरच बोट ठेवलं.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. तीन वर्षांच्या अंतरात त्याच राजवटीने दोन खाण्यापिण्यांचा निकाल लावला. अफूतून तिजोरीत पैसा येत होता, तिच्या बाबतीत लोकांची चाल, परंपरा, प्रकृतीमान सगळं आदराने ऐकलं गेलं. घरच्या मोहातून तिजोरीला काही मिळत नव्हतं, त्याच्या बाबतीत आरोग्य आणि नीती पुढे आली आणि परंपरा कुणाला आठवली नाही. आदिवासीचं अन्न वाचवायला कॉमन्समध्ये रॉयल कमिशनची मागणी झाली नाही.

चीनशी १९०७ मध्ये करार झाला, १९१३ पर्यंत तिकडे जाणाऱ्या पेट्या थांबल्या. मोहाची फुलं मात्र अबकारी खात्याच्या तावडीतच राहिली. स्वतंत्र भारतात १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा झाला, त्यातही मोहफुलांवरचे निर्बंध तसेच ठेवले. महाराष्ट्रातल्या आदिवासींना ही फुलं गोळा करायला, साठवायला आणि वाहून न्यायला मोकळीक मिळाली ती २०२१ मध्ये.