मरिंबा

मरिंबा हे लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी आघात करून वाजविले जाणारे घनवाद्य आहे. प्रत्येक पट्टीखाली टांगलेल्या अनुनादकामुळे त्याचा नाद खोल, गोलाकार व घुमणारा होतो. वाद्याचे मूळ आफ्रिकेत असून त्याचे आजचे स्वरूप प्रामुख्याने मध्य अमेरिकेत घडले. ग्वातेमालाने १९७८ मध्ये मरिंबाला राष्ट्रीय वाद्याचा दर्जा दिला. भारतीय वाद्यांपैकी काष्ठतरंग हे रचनेच्या दृष्टीने त्याला जवळचे आहे.

रचना व स्वरनिर्मिती

मरिंबाच्या पट्ट्या पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे दोन ओळींत मांडलेल्या असतात. प्रत्येक पट्टी दोरीत ओवून टांगलेली असते. कंपन होत असताना पट्टीवरील काही बिंदू जवळजवळ स्थिर राहतात. सरळ पट्टीत हे बिंदू दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर येतात आणि दोरीची छिद्रे तेथेच पाडतात. अन्यत्र पाडल्यास नाद दबतो.

सारख्या जाडीच्या पट्टीतून निघणारा दुसरा स्वर मूळ स्वराच्या सुमारे २.७६ पट कंप्रतेचा असतो व तो मूळ स्वराशी जुळत नाही. म्हणून पट्टीचा खालचा भाग मधोमध कमानीसारखा कोरतात. त्यामुळे हा दुसरा स्वर नेमका चौपट कंप्रतेचा, म्हणजे दोन सप्तके वरचा, करता येतो. झायलोफोनमध्ये तो सामान्यतः तिप्पट ठेवला जातो. झायलोफोनचा कोरडा, टणक आवाज आणि मरिंबाचा मऊ आवाज यांतील फरकाचे हे एक प्रमुख कारण आहे.

आधुनिक वाद्यात अनुनादक म्हणून खालून बंद केलेल्या धातूच्या नळ्या वापरतात. नळीची लांबी स्वराच्या तरंगलांबीच्या सुमारे एकचतुर्थांश असते. पाच सप्तकांच्या मरिंबातील सर्वांत खालच्या स्वराला (सुमारे ६५ हर्ट्झ) या हिशेबाने १.३ मीटर लांबीची नळी लागते. वाद्याखाली तेवढी जागा नसल्याने ती नळी वळवावी किंवा रुंद करावी लागते. उलट, उंच स्वरांच्या नळ्या पुष्कळदा केवळ शोभेसाठी लांब केलेल्या असतात व त्यांच्या आत वरच्या अंगालाच अडसर बसविलेला असतो.

आफ्रिकी उगम

अनेक बांटू भाषांत ‘रिंबा’ किंवा ‘लिंबा’ हे मूळ एका पट्टीचा वा स्वराचा निर्देश करते आणि ‘मा’ हा बहुवचनाचा उपसर्ग आहे. मोझांबिकमधील चोपी लोकांच्या वाद्याचे नाव टिंबिला (एकवचन म्बिला) असून त्यात मसाला नावाच्या फळांच्या कवट्या अनुनादक म्हणून लावतात. चोपी वादकांचे मोठे ताफे काव्य, नृत्य व वादन यांचा मिलाफ असलेले दीर्घ प्रयोग सादर करतात. ह्यू ट्रेसी यांनी १९४८ मध्ये या परंपरेवर लिहिलेला ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो.

पश्चिम आफ्रिकेतील बालाफोन हे याच कुळातील वाद्य आहे. इब्न बतूता याने १३५२ मध्ये मालीच्या दरबारात भोपळे लावलेले असे वाद्य पाहिल्याची नोंद केली आहे. आग्नेय आफ्रिकेतील जुनी नोंद जुआंव दुश सांतुश या पोर्तुगीज धर्मोपदेशकाची आहे. तो १५८६ मध्ये आफ्रिकेत आला. किटेव्हे राजाच्या दरबारातील ‘अंबिरा’ नावाच्या भोपळ्यांच्या वाद्याचे त्याने केलेले वर्णन १६०९ मध्ये एव्होरा येथे प्रसिद्ध झाले. याच धर्मोपदेशकाचा मृत्यू पुढे १६२२ मध्ये गोव्यात झाला. त्या काळी मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले आणि ही व्यवस्था १७५२ पर्यंत टिकली.

मध्य अमेरिका आणि उगमाचा वाद

ग्वातेमालातील पहिला उल्लेख म्हणून नेहमी १६८० चा दाखला दिला जातो. त्या वर्षी सांतियागो (आजचे अँटिग्वा) येथील कॅथीड्रलच्या उद्घाटनप्रसंगी स्थानिक मूलनिवासी वादकांनी मरिंबा वाजविल्याचे दोमिंगो हुआर्रोस याने नमूद केले. मात्र त्याचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, हे विसरता कामा नये.

वादक माया वंशाचे असल्याने वाद्यही मूळचे माया लोकांचेच, असा दावा ग्वातेमालात दीर्घकाळ केला गेला. त्यामागे राष्ट्रीय अभिमानाची भावना आहे आणि मरिंबा माया समाजाच्या विवाहांत, उत्सवांत व अंत्यविधींत इतका मिसळून गेला आहे की ती समजण्याजोगी आहे. तथापि स्पॅनिश आगमनापूर्वी तेथे असे वाद्य होते, याला विश्वसनीय पुरातत्त्वीय पुरावा नाही. आफ्रिकी उगमाच्या बाजूने नावाखेरीज आणखी एक ठळक पुरावा आहे. आफ्रिकेत आणि ग्वातेमालात अनुनादकाला लहान छिद्र पाडून त्यावर पातळ पापुद्रा चिकटवितात. आफ्रिकेत कोळ्याच्या अंडकोशाचे आवरण, तर ग्वातेमालात डुकराच्या आतड्याचा पापुद्रा मेणाने बसविला जातो. पट्टी वाजताच तो थरथरतो व स्वराला गुंजन देतो. या गुंजनाला स्पॅनिशमध्ये ‘चार्लेओ’ म्हणतात. तंबोऱ्याच्या जवारीप्रमाणेच हा दोष नसून मुद्दाम साधलेला गुण आहे. इतकी विशिष्ट युक्ती दोन खंडांत स्वतंत्रपणे सुचली असेल, हे मानणे कठीण आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांकडून हे ज्ञान माया कारागिरांकडे गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

जुन्या भोपळ्यांच्या मरिंबात केवळ शुद्ध स्वरांची एकच ओळ असे. अर्धस्वर हवा असल्यास पट्टीच्या टोकाला मेणाची गोळी चिकटवून स्वर उतरवीत. दुसरी ओळ जोडून सर्व बारा स्वरांचा मरिंबा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. ग्वातेमाला त्याचे श्रेय सेबास्तियान उर्तादो यांना (१८९४), तर मेक्सिकोतील चियापास प्रांत कोराझोन बोराझ यांना (१८९७) देतो. अशा मोठ्या मरिंबावर चार, तर सोबतच्या लहान मरिंबावर तीन वादक एकाच वेळी वाजवितात.

कोलंबिया व इक्वेडोरच्या पॅसिफिक किनाऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या समाजांनी चोंता ताडाच्या पट्ट्या व बांबूच्या नळ्या असलेला मरिंबा जपला आहे. त्याच्या संगीताचा युनेस्कोच्या वारसा यादीत २०१० मध्ये समावेश झाला व २०१५ मध्ये त्यात इक्वेडोर जोडले गेले.

मैफलीचे वाद्य

उर्तादो बंधूंच्या वृंदाने १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात वादन केले. अमेरिकी कारखान्यांनी धातूच्या नळ्यांचा मरिंबा बनविला, मात्र त्यातून गुंजन देणारा पापुद्रा वगळला. पॉल क्रेस्टन यांची मरिंबा व वाद्यवृंदासाठीची रचना १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये रूथ स्टुबर यांनी प्रथम सादर केली. जपानी वादिका केइको आबे (जन्म १९३७) यांनी यामाहा कंपनीच्या साहाय्याने पाच सप्तकांचा मरिंबा रूढ केला. चार काठ्यांच्या वादनाला ली हॉवर्ड स्टीव्हन्स यांनी शिस्तबद्ध पद्धत दिली.

लाकूड

ग्वातेमालात पट्ट्यांसाठी होर्मिगो हे लाकूड पसंत करतात. मैफलीच्या मरिंबासाठी होंडुरास रोजवूड वापरतात. हा वृक्ष आपल्याकडील शिसवाच्याच डालबर्जिया प्रजातीतला आहे. बेसुमार तोडीमुळे २०१७ मध्ये जवळजवळ संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटीस कराराखाली नियंत्रण आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, परंतु कच्च्या लाकडावरील निर्बंध कायम आहेत. त्यामुळे पडौक लाकडाच्या व कृत्रिम पट्ट्यांचा वापर वाढला आहे. कृत्रिम पट्ट्या टिकाऊ असल्या तरी लाकडाचा नाद त्यांत पुरता उतरत नाही, अशी अनेक वादकांची तक्रार असते.